साडूचा एलईडी

उसाला रात्री पाणी द्यायची डोक्याची बॅटरी असती ना, तिच्यात आमच्या थोरल्या साडूनं एलईडी बसवला, तवापासून माझं डोकं फिरलंय. माझ्या बॅटरीत जुनाच पिवळा बल्ब. परवा आमी दोघं बायकांसंगं धाराशिवच्या लेण्यांत गेलो. आत मिट्ट अंधार, सगळे साडूच्या मागं. माझीच बायको म्हणली, "तुमची बंद करा, उगं सेल जातील."

आतच तिनं आमच्या दोघांचा फोटो काढला. साडूच्या तोंडाच्या जागी नुसता पांढरा गोळा. मला लई बरं वाटलं. मुद्दाम तिच्याच फोनवरनं सासरच्या ग्रुपवर टाकला.

सासऱ्यांनी लगेच लिहिलं, "हा उजेड थोरल्या जावयाचाच. धाकटे जावई न्हाय का गेले?"

तवा कुठं म्या फोटो नीट बघितला. साडूला खेटून मीच उभा होतो, पण तिथं नुसता अंधार दिसत होता.