शनिवारचा दालचिनी रोल

डेन्मार्कमधल्या ओडेन्सच्या बेकरीत नंबराची चिठ्ठी घेऊन उभ्या असलेल्या कर्स्टनला मागच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

“टॉर्किल, त्या वजन उतरवायच्या इंजेक्शनाने भूक गेली म्हणे तुझी?”

“भूक गेली, बिअर गेली. परवा मॅच बघता बघता झोपलो.”

“पोटाचं औषध ना ते?”

“जेवण झालं की आतडं मेंदूला निरोप धाडतं, त्याची नक्कल आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, तो निरोप मेंदूत ओढ जागवणाऱ्या डोपामिनलाही गप्प करतो. हावच उरत नाही.”

“मग इथे कशाला तडमडलास?”

“बायकोला शनिवारी दालचिनी रोल लागतो.”

“आणि बायकोची ओढ? तीही गेली?”

“तीच धास्ती होती. पण बायको बोटं चाटत रोल खाते, ते अजून बघत बसतो.”

“डॉक्टरीणबाईंना सांगितलंस?”

“वेडा आहेस का? डोस वाढवतील.”