मधला खळगा

— नाही नाही, हातानं दाबू नका. हातानं दाबून गादी कळत नसते. तुम्ही काय हातावर झोपता का? सगळे तेच करतात — येतात, पंजानं दोनदा दाबतात, मान हलवतात, जसं काही सगळं उमगलं — आणि घरी नेल्यावर तक्रार घेऊन येतात की कंबर धरली. आडवे व्हा. अहो, व्हा की! बूट काढा आणि सरळ आडवे व्हा, लाजताय कशाला? चारचौघांत भांडायला माणूस लाजत नाही, झोपायला मात्र लाजतो, मला तर कमालच वाटते. काय? मोज्याला भोक आहे? असू द्या हो. इथे येणाऱ्या निम्म्या लोकांच्या मोज्याला भोक असतं, आणि बूट जितके भारी तितकं भोक मोठं. मी बघत नाही. म्हणजे बघते, पण बोलत नाही. हां, आता कसं! पाय सोडा. हात छातीवर नका ठेवू, बरं दिसत नाही ते.

तर दोन सिंगल हव्यात म्हणालात. घरात आता डबल आहे — बरोबर? — ती काढून दोन सिंगल. पाहुण्यांसाठी? अहो भाऊ, पाहुण्यांसाठी कोणी इतकी मऊ गादी बघत नाही. पाहुण्यांना कडक गादी द्यायची, नाहीतर ते जातच नाहीत. बरं, बरं, पाहुण्यांसाठी. मी कशाला विचारू? गिऱ्हाईक एकटं येतं, दोन सिंगल मागतं आणि दोन वेळा घड्याळाकडे बघतं, तेव्हा आपण पाहुण्यांवर विश्वास ठेवायचा असतो. एवढी वर्षं दुकानात बसलेय, एवढं कळतं मला.

ते? ते मशीन. मागे पडद्याआड आमचे हे शिवत बसलेत. लक्ष देऊ नका. नाही, बाहेर नाही यायचे, त्यांचं काम मागे, माझं पुढे. शिवणं त्यांचं, बोलणं माझं — लग्न झालं तेव्हापासून अशीच वाटणी आहे. ते दिवसाला चार शब्द बोलतात आणि त्यातले दोन 'चहा' आणि 'कात्री' असतात. पण मशीन बोलतं हो त्यांचं! तुम्हाला नाही कळणार, मला कळतं. एकसारखं चाललंय म्हणजे मन ठिकाणावर आहे. मध्येच जोरात पळालं की राग आलाय. आणि थांबलं, की कान इकडे. ऐका — पळालं! बघा, मी म्हटलं ना! आता हे मी तुम्हाला सांगितलं याचा राग आला. येऊ द्या. आम्ही सध्या बोलत नाही.

नाही, मारामारी नाही काही. मोठ्या गोष्टीवरून कोण भांडतं? घर बांधताना आम्ही भांडलो नाही, मुलाच्या लग्नात भांडलो नाही. मोठ्या गोष्टींना माणूस कंबर कसून उभा राहतो, सांभाळून बोलतो. बिनसतं ते खिडकी उघडी की बंद, पांघरूण कोणी ओढलं, यावरून. तुमचं कशावरून? ... बरं, नका सांगू. आमचं सांगते. माझी मोठी बहीण आली होती राहायला. जेवण झालं, गप्पा चालल्या होत्या, तिनं सहज विचारलं, भावोजी, डोळे लाल का दिसतात? आणि हा माणूस, जो दिवसाला चार शब्द बोलतो, त्यानं त्या दिवशी अख्खं वाक्य म्हटलं — "तुमची बहीण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या बोलत राहते, झोपेचं खोबरं होतं." माझ्या बहिणीसमोर! तीही हसली, ते माझ्या आणखी जिव्हारी लागलं. मी म्हणाले, मग घ्या वेगळी गादी! झालं. आता दुसऱ्या कोणाच्या घरात असं झालं तर काय होतं? माणूस तणतणतो, उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जातो, पहाटे गारठला की परत येतो. पण आम्ही पडलो गादीवाले! हे उठले आणि कात्री घेऊन आले.

हसू नका, खरं सांगतेय. आमची डबल गादी, लग्नात ह्यांनी स्वतः भरलेली, खाली दुकानात आणली आणि मधोमध दोन शिवणी घातल्या — नाहीतर कापूस सांडतो ना — आणि त्या दोन शिवणींच्या मधून, कर्रर्र, सरळ दोन तुकडे. एक अर्धी माझी, एक अर्धी त्यांची. आणि मी काय करत होते माहितेय? मी दुसरं टोक ताणून धरलं होतं. म्हणजे वाकडी कापली जाऊ नये म्हणून! तोंडं दोन दिशांना, पण कापड कसं अगदी ताठ. काम ते काम. बहीण कपाळावर हात मारून दुसऱ्या दिवशीच निघून गेली. मी माझी अर्धी वर नेली, वरच राहतो आम्ही, मुलाच्या जुन्या अरुंद पलंगावर टाकली, आणि ह्यांनी त्यांची अर्धी मागे कापायच्या टेबलावर टाकली.

तेव्हापासून? तेव्हापासून काय विचारता, राणीसारखी झोपते! सगळ्यांना तेच सांगते मी. शेजारच्या चष्मेवालीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, मुलाला फोनवर सांगितलं — अख्खी खोली माझी, कोणाचं घोरणं नाही, पांघरूण सगळं माझं, खिडकी हवी तेव्हा बंद. झक्कास झोप लागते. पडल्या पडल्या... म्हणजे... आता पडायचंच म्हणाल तर —

इकडे जरा सरका. कुशीवर वळा, हां. हळू बोलते. पडदा काही जाड नाहीये. तुम्हाला म्हणून सांगते, कारण तुम्ही दोन सिंगल मागताय आणि उद्या मला शिव्या द्याल. तुमच्या डबल गादीला मधोमध खळगा पडलाय ना? पडतोच. नवरा-बायको दोन कडांना तोंडं फिरवून झोपतात आणि सकाळी उठतात ते मध्ये, कोणाला काही आठवत नाही. भांडण झालं तरी मध्ये. रोज मध्ये. वर्षानुवर्षं तिथला कापूस दबतो. गिऱ्हाइकं तक्रार करतात त्या खळग्याची, बुजवून द्या म्हणतात, आम्ही बुजवतो. पण आम्ही दोघं एवढे गादीवाले, आणि आम्हाला त्या दिवशी ते सुचलं नाही! गादी कापली, पण खळगा कुठे जाणार? अर्धा त्यांच्याकडे, अर्धा माझ्याकडे. म्हणजे माझी गादी एका बाजूला उंच आणि कापल्या बाजूला उतरती. झोप लागली की अंग आपोआप त्या बाजूला जातं, सवयच ती, आणि पुढे कोणी नसतं. धप्प!

रोज. रोज पडते हो मी. हसा, हसा, माझंही हसू आवरत नव्हतं पहिल्यांदा. नंतर नाही आलं हसू. खाली बसून राहिले, तशीच, फरशीवर. मला वाटलं होतं बोलायला कोणी नाही तर निवांत झोपेन. कसलं काय! दिवसभरात काय झालं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझा दिवस मावळतच नाही. आणि ते घोरणं — ते सुरू झालं की मला कळायचं, आता मीही झोपायला हरकत नाही. आता कोण सांगणार मला? डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडते आणि चुकून लागलाच डोळा, की खाली. दिवसा दुकानात डुलक्या काढते. परवा एका गिऱ्हाइकाच्या शेजारीच झोप लागली मला, गादी दाखवता दाखवता!

मग नवीन का नाही घेतली? अहो, दुकान गाद्यांनी भरलंय! पण नवीन घेतली म्हणजे ही वाईट आहे असं झालं ना. म्हणजे मी हरले. ती गोष्ट वेगळी. आणि मीच एकटी नाही हं. ह्यांचं कोपर सोलवटलंय. विचारलं नाही मी, बोलत नाही ना आम्ही, पण शेजारच्या चष्मेवालीनं विचारलं तर म्हणाले, दाराला आपटलं. दाराला! ते टेबल किती उंच आहे बघितलंय का तुम्ही? माझ्यापेक्षा जास्त लागत असणार त्यांना. पण म्हणतील का? छे. आणि दुकानाची काय दशा झालीय तीही बघा. दिसतेय का एक तरी डबल? ही तुम्ही झोपलाय ती शेवटची. मोठ्या गादीला टाके घालायला दोघं लागतात — गादी उभी करायची, एकानं इकडून दाभण घालायचं, दुसऱ्यानं तिकडून ओढून परत पाठवायचं. मध्ये गादी, एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, नुसतं दाभण येतं-जातं. निम्मा संसार तसाच झाला आमचा, आणि बरा झाला. आता त्यांनी बोलवायचं नाही, मी जायचं नाही. म्हणून एकटे बसून सिंगलवर सिंगल शिवतायत. कोणाला विकू मी एवढ्या?

आणि वर शहाणपणा बघा. जागा पुरेना, तर माल माझ्या खोलीत ठेवायला लागलेत! परवा सकाळी बघते तर माझ्या पलंगाशी खाली फरशीवर एक पातळशी गादी पसरलेली. मी काय म्हणायचं? माझी खोली काय गोदाम आहे? आणि ठेवायची तर भिंतीशी ठेवावी, कोपऱ्यात ठेवावी, तर नाही, बरोबर पलंगाला लागून, मी ज्या बाजूला... इतका राग आला मला, उचलून फेकणार होते. चांगला पिंजलेला कापूस, नवी खोळ, बारीक टाके, विकायच्या मालाला कोणी इतके बारीक टाके घालत नाही, आणि माप म्हणाल तर कुठल्याच पलंगाचं नाही. असली अरुंद गादी कोण घेणार, सांगा ना? कोणाच्या कामाची ती? माणूस वर झोपायचं सोडून तिथे...

थांबा.

थांबा हो जरा. ह्यांचं टेबल कुठे आहे? मागे. मागच्या खोलीवर काय आहे? माझी खोली. म्हणजे मी रोज रात्री जी पडते ती ह्यांच्या डोक्यावरच. म्हणजे सगळं ऐकू जातंय. पहिल्या दिवसापासून ऐकू जातंय! आणि हा माणूस एक अक्षर बोलला नाही, भर दिवसा मी इथे गिऱ्हाइकांशी बोलत असताना तिकडे बसून ती अरुंद गादी शिवत होता. आणि मी तिला गोदामातला माल म्हणतेय. अगं बाई गं. आणि त्या दिवसापासून मला लागलं नाही, तेही माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, सवय झाली पडायची.

मशीन कधी थांबलं हो? तुम्ही ऐकलंत? मी बोलण्यात होते. केव्हापासून थांबलंय ते? गादी कापल्याचं सांगत होते तेव्हा चालू होतं, पळत होतं चांगलं. पडते म्हटलं तेव्हा? अहो, बोला ना! ... झोपलात? झोपलेत. बघा, शेवटच्या डबलवर आडवा झाला आणि झोपला. उठा भाऊ! उठा, उठा. दोन सिंगल नाही मिळायच्या. आहेत, ढीग आहेत, दिसतायत मलाही, पण तुम्हाला नाही देणार. घरी जा, खिडकीचं, पांघरुणाचं, जे काय असेल ते मिटवा, आणि खळगा बुजवायचाच असला तर दोघं मिळून या. बूट हे घ्या. अहो, उलटे नका घालू! पडदा हललाय, दिसतंय मला, तिकडे बघू नका तुम्ही. बघू नका म्हटलं ना, माणूस लाजतो. निघा आता, दुकान बंद आहे. असू दे दुपार, बंद म्हणजे बंद. दार लोटून घ्या जाताना.

... अहो. कोपर दाखवा आधी ते. आणि दाभण नुसतं हातात घेऊन काय उभे राहिलात? वरची अर्धी खाली आणायला हवी ना. चला, तुम्ही एक टोक धरा, मी एक धरते.