सहा नंबरचे मशीन अस्तित्वात असल्याबाबत

नाव: सोबतच्या कागदावर घेतले आहे, कारखान्यात सगळे मास्तर म्हणतात. वय: छप्पन्न. धंदा: नोकरी, प्रेस शॉपमध्ये सेटर. राहणार: कारखान्यामागचा रस्ता, पाण्याच्या टाकीशेजारी, दुसरा मजला.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो ते असे की, वरील पत्त्यावर मी, माझी पत्नी व तिचा धाकटा भाऊ असे तिघे राहतो. हा माझा मेहुणा माझ्याच हाताखाली काम करतो. अकरा वर्षांपूर्वी मीच त्याला तिथे लावले. आमच्याकडे पत्र्याच्या डब्यांची झाकणे होतात. पत्रा मशीनखाली सरकवायचा, वरून ठोका पडतो, झाकण सुटते. मशीन लावून देणे व ते नीट चालते की नाही हे बघणे माझे काम आहे.

काल मंगळवारी सकाळी दहा चाळीसला मेहुण्याच्या उजव्या हाताची दोन बोटे सहा नंबरच्या मशीनमध्ये गेली. दवाखान्याच्या कागदावर डावा हात लिहिला आहे. तेवढे आधी दुरुस्त करून घ्यावे. एकदा कागदावर आले की हात बदलावा लागतो, कागद बदलत नाही, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव आहे.

विचारल्यावरून सांगतो की, होय, सहा नंबरचे मशीन आहे. आज अकरा वाजता आपले हवालदार गेटवर आले तेव्हा मी तिथेच उभा होतो. सिक्युरिटीच्या साहेबांनी त्यांना यादी दाखवली व म्हणाले, "आमच्याकडे पाचनंतर एकदम सात आहे." त्या वेळी सहा नंबरचा ठोका गेटपर्यंत ऐकू येत होता. हवालदारांनी विचारले, "मग हा आवाज कसला?" साहेब म्हणाले, "सातचा असेल." सात नंबर पंधरा दिवसांपासून बंद आहे.

हे असे का, असे विचारल्यावरून सांगतो की, दोन वर्षांपूर्वी सहा नंबर मोडले. ते भंगारात काढायचा कागद तयार झाला, वरपर्यंत सह्या झाल्या आणि ऑफिसने ते यादीतून उडवले. इकडे आमचा फिटर हट्टाला पेटला. त्याने जुन्या मशीनचे भाग काढून, चार दिवस खपून ते चालू केले. आम्ही त्याची पाठ थोपटली, सगळ्यांनी चहा घेतला. ऑफिसला मात्र कोणी कळवले नाही, कारण फॉर्म दोनच आहेत, एक नव्या मशीनचा आणि एक मेलेल्या मशीनचा. मेलेले उठून बसले तर काय भरायचे, हे कोणालाच माहीत नव्हते.

तेव्हापासून प्रॉडक्शनच्या वहीत सहा नंबर रोज अठराशे झाकणे काढते. मेंटेनन्सच्या वहीत ते भंगार आहे, म्हणून त्याला तेल द्यायची पाळी येत नाही. प्रॉडक्शनची वही मेंटेनन्सला दिसत नाही, मेंटेनन्सची खरेदीला दिसत नाही. तिन्ही साहेब दुपारी एकाच टेबलावर जेवतात.

मशीनपुढे लोखंडी जाळी असते. जाळी बंद झाल्याशिवाय ठोका पडू नये म्हणून तिला आगपेटीएवढा एक स्विच असतो. हा स्विच दोन महिन्यांपूर्वी बिघडला, जाळी बंद केली तरी दाबला जाईना. मशीन अडले. मी मेंटेनन्सला चिठ्ठी दिली. तिथून उत्तर आले की भंगार मशीन दुरुस्त करता येत नाही. मी खरेदीकडे गेलो. ते म्हणाले, "मास्तर, सहा टाकलं की कॉम्प्युटर पुढे जातच नाही." मी म्हटले, "मग पाचच्या नावावर मागवा." ते म्हणाले, "पाचचा स्विच मागच्या महिन्यात बदललाय. शंका येईल." अशा तीन चिठ्ठ्या दिल्या, त्यांच्या नकला सोबत जोडल्या आहेत. तिसऱ्या चिठ्ठीच्या दिवशी प्रॉडक्शनच्या साहेबांनी मला बोलावून विचारले, "अठराशेचं काय?" दुपारपासून मशीन चालू झाले.

स्विच बदललेला नसताना ते कसे चालू झाले, असे विचारल्यावरून, ते पुढे सांगतो.

अपघातानंतर मेहुण्याला दवाखान्यात पोहोचवून मी दुपारी कारखान्यात परत आलो. कंपनीचे पत्र तोवर तयार होते. त्यात लिहिले आहे की सदर कामगार पॅकिंग विभागात असून खोके कापण्याच्या सुरीने, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे त्यास इजा झाली. मागच्या वर्षी मेहुण्याला एक महिना पॅकिंगला दिले होते. तो परत आला, त्याचा कागद आला नाही. पत्र दाखवणाऱ्या ऑफिसच्या साहेबांना मी म्हटले, "साहेब, सुरीने बोटं चपटी होत नाहीत." ते म्हणाले, "आमच्या रेकॉर्डप्रमाणे तो प्रेसवर नव्हताच. आम्ही रेकॉर्डच्या बाहेर कसे जाणार?" गेटसमोर सेफ्टीचा फलक आहे. त्यावर काल 'अपघाताविना ४१२ दिवस' असे होते. आज ४१३ आहे.

माझा मेहुणा निष्काळजी नाही. अकरा वर्षांत त्याच्या हातून एक पत्रा वाकडा सरकलेला मी पाहिला नाही. हे मी नातेवाईक म्हणून नव्हे, सेटर म्हणून सांगतो.

काल संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा पत्नी ओट्याशी होती. भावाचा डबा धुऊन तिने पालथा घातला व तिथेच उभी राहिली.

प्रॉडक्शनचे साहेब काल मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, तुम्ही निश्चिंत राहा. ज्या मशीनची नोंदच नाही, तिथे तुमची चूक कोण काढणार?" मेहुणा शुद्धीवर आल्यावर पहिले वाक्य बोलला ते असे, "दाजी, तारेचं कुणाला सांगू नका. तुमची दोनच वर्षं राहिलीत." त्यानंतर त्याने बोटांचे विचारले.

तार कसली, असे विचारल्यावरून सांगतो की, स्विच तारेने दाबून बांधला की मशीनला जाळी बंद आहे असे वाटते आणि उघड्या जाळीतही ठोका पडतो. ती तार बांधलेली होती. दोन वेढे, वर पीळ. हे कोणत्याही विभागाच्या वहीत नाही. मेंटेनन्सला मशीनच माहीत नाही, प्रॉडक्शनला फक्त झाकणे माहीत आहेत, सेफ्टीकडे फलक आहे. सगळ्या वह्या एकत्र आणून ठेवल्या तरी तार कोणी बांधली हे सापडणार नाही. म्हणून इथे लिहून देतो. ती मी बांधली. मेहुणा तेव्हा शेजारी उभा होता. त्याने विचारले, "दाजी, चालेल ना?" मी म्हटले, "चालेल."

आज सकाळी सात वाजता मी जाऊन ती तार पक्कडीने कापली. मशीन थांबले. मग मी दवाखान्यात गेलो. अकरा वाजता गेटवर आलो तेव्हा ठोका पुन्हा चालू होता, हे वर सांगितलेच आहे. स्विच अजून आलेला नाही, म्हणजे तार पुन्हा कोणीतरी बांधली आहे. कोणी, ते मला माहीत नाही. मेहुण्याच्या जागी आज कोण बसला आहे, तेही कोणत्या वहीत मिळणार नाही.

मी कापलेली तार सोबत आणली आहे, ती जमा करून घ्यावी व पावती द्यावी. पावतीवर मशीन क्रमांक सहा असे स्पष्ट लिहावे. ती घेऊन मी इथून थेट कारखान्यात जाणार आहे. मशीन थांबवायचे तर ते आहे, असे सांगणारा एक तरी कागद हातात पाहिजे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे. वाचताना हवालदारांनी 'चालेल' या शब्दाशी थांबून, हा ठेवायचा का, असे विचारले. ठेवावा असे मी सांगितले आहे.