तेलाचा वानवळा

नाही, पण मला सांगा, धमन्या कुणाच्या? माझ्या! डॉक्टरांनी घाबरवलं कुणाला? मला! मग तेल अख्ख्या वाडीनं का खावं?

तुम्हाला सांगतो, डॉक्टर म्हणाले, "जाधव, दोन धमन्यांत थर धरलाय. गोळ्या घ्या, पथ्य पाळा. तीन महिन्यांत कोलेस्टेरॉल उतरलं नाही तर अँजिओग्राफी!" माझा थोरला भाऊ याच दुखण्यानं गेला हो, अठ्ठावन्नाव्या वर्षी... आणि मला छप्पन्न चालू! भ्यालो मी, खोटं कशाला बोलू?

लेक आमची आम्रपाली, ठाण्याला असते. तिनं कुरियरनं ऑलिव्हच्या तेलाची ही एवढी बाटली धाडली. फोनवर दम, "बाबा, यात पॉलिफेनॉल असतात, धमन्यांना चांगले असतात म्हणे. रोज दोन चमचे, भाजीवर, कच्चं. आणि तळलेलं एकदम बंद!" चाखलं. घशात असं झोंबलं... म्हटलं, झोंबू दे, जीव वाचतोय ना!

संध्याकाळी कचेरीतून येतो तर बाटली अर्धी!

"अगो करुणा, तेल कुठं गेलं?"

"वानवळा दिला पाच घरी. लेकीनं धाडलेली वस्तू एकट्यानं खायची? फणस फोडला की गरे देतो ना सगळ्यांना?"

अगो, फणस नि औषध एक काय?

बरं, गेलं तर गेलं. पण आपली रीत ठाऊक आहे ना? रिकामं भांडं परत पाठवायचं नाही! दुसऱ्या दिवसापासून आमच्या वाट्या भरून यायला लागल्या. शेजारच्या विमलावहिनी, "भावजी, तेल झकास हो! ही घ्या कोलंबी, आत्ताच तळल्येय!" समोरून तुपातल्या नारळाच्या वड्या, मागच्या घरातून वडे... नको म्हणावं तर करुणा डोळे वटारते, "माणसं मायेनं देतात!" अगो, त्या मायेचाच थर धरलाय ना आत! आणि वड्या आल्या त्यांच्या ताटलीतून. ताटली परत करायची. रिकामी? छे! पुन्हा त्यात वाटीभर तेल! लेक दर महिन्याला नवी बाटली धाडायची, तीही अशीच वाटली जायची. म्हणजे औषध बाहेर नि तळण आत, तीन महिने हेच!

रिपोर्ट आला. माझं कोलेस्टेरॉल वाढलेलं. सोमवारी अँजिओग्राफी!

तेवढ्यात विमलावहिनींचे यजमान धोंडूभाऊ नाचत दारात, "जाधवभाऊ, माझं कोलेस्टेरॉल उतरलं! रोज नेमानं भाकरीला लावून खाल्लं तुमचं तेल. देवासारखे आहात!" आणि हातात काय? डबाभर बेसनाचे लाडू, साजूक तुपातले!

ते गेले. करुणानं लाडू काढले, डबा घासला, पुसला, आणि तळाशी दोन बोटं तेल उरलेली शेवटची बाटली उचलून त्यात ठेवली.

"अगो, ते तरी राहू दे मला! सोमवारी माझी..."

"मग काय धोंडूभावजींचा डबा रिकामा पाठवू?"

आता काय बोलणार सांगा... तोंडात लाडू होता.