निरोप कुठं अडकला?

आमच्या वरच्या मजल्यावरचा संदीप सांगलीतल्या घरूनच काम करतो. एकदा मी विचारलंच, "दिवसभर करतोस तरी काय रे?"

"काकू, एक मशीन दुसऱ्याला निरोप देतं, दुसरं तिसऱ्याला. मधे कुठं अडकला, ते मी शोधतो."

"म्हणजे माझंच काम की! मी फुकटात करते."

पुढं कडेगावाहून त्याच्या आजारी आईनं 'भेटून जा' असा निरोप धाडला. भावाभावांत अबोला, म्हणून त्याच्या भावानं तो मावशीला सांगितला; कामात संदीप फोन उचलत नाही, म्हणून मावशीनं मला. मी तशीच वर पळाले. पण संदीप पोचेपर्यंत आई गेली होती.

तेरावं उरकून आला तेव्हा विचारलं, "कुठं अडकला रे निरोप?"

"कुठंच नाही. आईनंच उशिरा दिला, माझ्या कामाचा खोळंबा नको म्हणून. निरोप मिळाला काकू, घ्यायचा तेवढा राहिला."