अण्णाचा उजवा कान

पण वास आला होता का, मामा? दारूचा वास — अण्णाच्या तोंडाला, एकदा तरी? गावात ज्यानं ज्यानं माझ्या भावाला बेवडा म्हणलं त्या समद्यांना इचारून आलो, एकबी हो म्हणला न्हाई. तुम्ही तर त्याचे सासरे. दारूपायी म्हणून शिल्पावहिनीला अन् शिवांशला माहेरी नेऊन बसवलंत, मग वास तर घेतला असंल की! — बसा, बसा, कुठं उठून राहिलात. माती देऊन चार दिवस न्हाई झाले, भेटायला आलात, चहा तरी प्या.

त्या फडक्याखाली? कान हाय. प्लास्टिकचा. लातूरला कानाच्या डॉक्टरच्या टेबलावर होता, अण्णाचं समदं ऐकून त्यानं ह्याच्यावरच दाखवलं, काल उचलून पळालो — हाव, चोरला, देईन नेऊन परत. ह्यो बघा. बाहेरचा कान म्हंजे नुसता दरवाजा. आत पडदा, त्यो हलला की ही तांदळाएवढी हाडं हलतात, मग ही गोगलगाय — हिच्यातून ऐकू येतं. अन् हिच्या डोक्यावर ह्या तीन कड्या हायेत ना, त्यांना ऐकण्याशी काही घेणं न्हाई. त्यांच्यात पाणी. मान कलली की पाणी हलतं अन् मेंदूला कळतं, गडी कलला. आमची लेव्हलची नळी न्हाई का — भिंत धरताना अण्णा एक टोक मला द्यायचा, एक सोता धरायचा, दोन्हीकडं पाणी सारखं तर भिंत सारखी. नळीत बुडबुडा अडकला की पाणी खोटं बोलतं. तसंच. त्याचा उजवा कान बारकेपणापासून वाहायचा — आई लसूण कडवून तेल घालायची, सासरवाडीला आला की तुम्हीबी घालायचात, वाईट केलं म्हणत न्हाई मी — पण पू आत सरकत गेला, हाड खाल्लं, कडीपर्यंत पोचला. अख्ख्या देवणीत सरळ भिंत म्हणलं की मन्मथ मिस्त्री, आपला अण्णा, अन् त्याच्याच नळीत बुडबुडा!

मग दिवसा कसा नीट चालायचा म्हणता? मीबी हेच इचारलं. डॉक्टर म्हणला, उजेडात डोळे सांभाळून घेतात, अंधार पडला की त्यो आधार सुटतो. म्हणून सांजेलाच झुलायचा त्यो, मामा! अन् तुम्ही समदे — सांज झाली, बसला असंल कुठं ढोसत. त्यो भिंती चाचपत घरी यायचा, दारातच ओकायचा. गळ्यातलं लिंग हातात धरून शपथ घ्यायला लावलीत, घेतली त्यानं. तरी नेलंच पोरीला. मी आज सकाळी डोळे मिटून एका पायावर उभा राहून बघितलं — हसू नका — भ्या वाटलं. त्या दिवशी काम उरकायचं म्हणून दिवेलागणीपर्यंत दोन पुरुष उंच फळीवर थांबला. खालून मी घमेलं देऊन राहिलो होतो. घ्यायला म्हणून त्यानं मान वळवली. बस. नुसती मान वळवली.

शिवांशचा कान वाहतो ना? वहिनी बोलली फोनवर — हाव, करते फोन, तुमच्या चोरून करते. झालं, सांगून बसलो! तिला रागवायचं न्हाई. पण त्या लेकराच्या कानात तेल घालू नका, मामा. लातूरला न्या. अन् त्याला सांगा, तुझा बाप पीत नव्हता. तुमच्या तोंडानं सांगा. माझं कोण ऐकतंय?

कप का खाली ठेवलात? माती देताना तर बोललात की. स्वामींनी त्याच्या उजव्या कानात मंत्र सांगितला — मी वरडलो, डाव्यात सांगा, उजवा त्याचा कधीच मेलाय! समद्यांना वाटलं, मलाच चढली. मग आपल्या लिंगायतांत बसवतात तसा खड्ड्यात बसवला, अन् तुम्ही वरून म्हणलात, आता तरी सरळ बसला. हळूच म्हणलात. पण माझे कान शाबूत हायेत.

सरळ बसला नव्हता त्यो, मामा. मान सारखी उजवीकडं ढळून राहिली होती. मी आत उतरलो होतो, दिसलो न्हाई तुम्हाला? त्याच्या त्या कानावर ह्यो तळहात लावला, डोकं दोन्ही हातांनी धरलं, अन् वरच्यांना म्हणलं — ढकला. माती हनुवटीला लागली, तवा हात काढला.