अण्णांचा पाय

ती सुपरमोटो बाईक दोन महिन्यांत विकली कशाला, असं लई जण विचारतात. चहा येईपर्यंत सांगूनच टाकतो.

बिडकीनच्या कंपनीत रोज जायला ती उंच गाडी सेकंड हँड घेतली आणि जुनी स्कूटर देऊन टाकली. त्या स्कूटरवर मी रोज वडलांना, म्हणजे अण्णांना, गुलमंडीत सोडायचो. ते तिथं कापडाच्या दुकानात कामाला. नव्या गाडीला त्यांनीच हार घातला. मागं बसायला पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"तू जा रं. मी आता काम सोडतोय."

मला बरंच वाटलं. या वयात कशाला काम? मी सकाळी निघालो की रात्रीच घरी यायचो.

महिन्यानं सुट्टीच्या दिवशी शर्टाचं कापड घ्यायला त्याच दुकानात गेलो. अण्णा गादीवर गिऱ्हाईकाला कापड दाखवत बसलेले. पाय घोट्यापर्यंत धुळीनं माखलेले.

"अण्णा, सिडकोतल्या घरून इतक्या लांब चालत येता?"

"व्हय."

"मग पाय वर जात नाय म्हणून सांगायचं ना मला!"

"लई हौसेनं घेतली व्हतीस रं."

गाडी विकून लगेच स्कूटर आणली. अण्णा बसत नाहीत. म्हणतात, "चालायची सवय झाली आता. जा, तुला उशीर व्हईल."